मुदतवाढीचा अर्ज

आमच्या मंडळाच्या या त्रैमासिकात मी आजवर जे थोडेफार लिहिले ते मोडी दस्तऐवज, पडक्या गढ्या आणि निजामी अमदानीतील महसुलाची पद्धत अशा विषयांवर. निवृत्त महसूल अधिकाऱ्याकडून वाचकांची अपेक्षाही तेवढीच असावी. या वेळी मात्र मी एका संप्रेरकाविषयी लिहिणार आहे. स्त्रीला दिवस गेले की तिच्या रक्तात जे उतरते आणि एरवी जवळजवळ नसते, ते हे संप्रेरक. विषय बायकांचा, लिहिणारा पुरुष, आणि तोही साठी उलटलेला. तेव्हा आपल्यापैकी काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. पण ज्या गोष्टी आपण बायकांच्या म्हणून माजघरात ठेवल्या, त्यांच्यापायी आमच्या घरात एक मरण झाले आणि दुसरे थोडक्यात टळले. लेखाचा मसुदा मी प्रथम आमच्या सूनबाईंना वाचायला दिला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि छापायला अनुमती दिली. त्यानंतरच तो संपादकांकडे गेला.

आमचे मूळ गाव भालकी तालुक्यात, मांजरा नदीच्या काठी. १९७४ च्या श्रावणात माझी थोरली बहीण, अक्का, पंचमीला माहेरी आली होती. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती आणि अजून काही नाही म्हणून सासरी कुजबुज सुरू झाली होती. त्या महिन्यात तिची पाळी चुकली होती. आईला आनंद झाला, पण तो चारच दिवस टिकला. कारण मग थोडे थोडे दिसू लागले, आणि दिवस गेलेले नाहीत असे सर्वांनी गृहीत धरले. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी अक्काने विहिरीवरून पाण्याच्या दोन घागरी आणल्या. संध्याकाळी तिच्या पोटात कळ उठली. रात्री ती म्हणाली, "आई, खांदा फार दुखतोय गं." आईने तेल कोमट करून खांदा चोळला. घागर उचलताना खांदा भरला असेल, असे आईच म्हणाली. पहाटे अक्का न्हाणीघराच्या दारात कोसळली. ती पांढरीफटक पडली होती आणि अंगाला गार घाम सुटला होता. कोणी वाताचा गोळा म्हणाले, कोणी बाहेरची बाधा. वडिलांनी गाडी जुंपली. तालुक्याचा दवाखाना चार कोसांवर, आणि मधला ओढा श्रावणाच्या पावसाने भरून वाहत होता. पाणी उतरण्याची वाट पाहत आम्ही अलीकडच्या काठावर थांबलो, आणि तिथेच अक्का गेली. गाडीत तिचे डोके आईच्या मांडीवर होते.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. कोणत्याही सुनेने, लेकीने भरलेली घागर उचलायची नाही. आई स्वतः सत्तरीपर्यंत पाणी भरत राहिली. आम्ही रागावलो तरी तिने ऐकले नाही. कारण तिने कधी बोलून दाखवले नाही, पण आम्हा भावंडांना ते ठाऊक होते. "मीच तिला घागर आणायला धाडली," एवढे वाक्य मी तिच्या तोंडून एकदाच ऐकले, तेही अर्धवट झोपेत.

पुढे मी गुलबर्ग्याला शिकायला आलो. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो ते १९८० साली. शेवटच्या वर्षी वार आणि तिची संप्रेरके या प्रकरणावर प्रश्न आला होता. मी उत्तर चांगले लिहिले होते आणि गुणही चांगले मिळाले. ते उत्तर आजही मला बऱ्यापैकी आठवते. आता माहिती अद्ययावत करून, पण त्याच क्रमाने, ते वाचकांपुढे मांडतो.

या संप्रेरकाचे पूर्ण नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन. सर्वजण एचसीजी म्हणतात. त्याचे काम समजायला महिन्याचे चक्र ध्यानात घ्यावे लागते. बीजकोशातून बीज बाहेर पडले की त्याच्या रिकाम्या घराचा एक पिवळसर गोळा बनतो. त्याला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार करतो, आणि त्याच्या बळावर गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. पण पीतपिंडाची नेमणूक हंगामी असते. सुमारे चौदा दिवसांची. मुदत संपली की तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन ओसरते, अस्तर गळून पडते आणि पाळी येते. बीज फलित झाले असेल तर ते दरम्यान नळीतून उतरत गर्भाशयात येते आणि फलनानंतर सहा ते दहा दिवसांच्या सुमारास अस्तरात रुजते. म्हणजे पाळी येण्यास जेमतेम आठवडा उरलेला असतो. तेवढ्या अवधीत आपण आलो आहोत हे त्याने आईच्या शरीराला कळवले नाही, तर अस्तराबरोबर तेही वाहून जाईल. हा निरोप म्हणजे एचसीजी. गर्भाच्या बाहेरच्या, पुढे वार होणाऱ्या पेशी ते तयार करतात, ते आईच्या रक्तात उतरते, पीतपिंडापर्यंत पोहोचते आणि त्याला कामावर राहण्यास भाग पाडते. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन पुरवू लागते, आणि मग पीतपिंडाची गरज संपते.

ज्याने छत्तीस वर्षे सरकारी कागद हाताळले त्याला यात दुसरे काय दिसणार? हा मुदतवाढीचा अर्ज आहे. हंगामी नेमणूक संपण्याच्या आत तो पोहोचला पाहिजे, आणि एकदा देऊन भागत नाही, रोज अधिक जोराने द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यांत एचसीजीचे रक्तातील प्रमाण साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होते. आठव्या ते अकराव्या आठवड्यात ते शिखर गाठते. एका मिलिलिटरमागे एक लाख मिलियुनिटच्या आसपास. मग ते उतरते आणि पुढे खालच्या पातळीवर राहते.

रचनेनेही हा पदार्थ मोठा विलक्षण आहे. साखरेच्या फांद्या लागलेल्या दोन प्रथिनसाखळ्या एकमेकींना बिलगलेल्या असतात. अल्फा साखळी ९२ अमिनो आम्लांची, बीटा १४५ ची. अल्फा साखळी मेंदूतळाच्या ग्रंथीतून येणाऱ्या आणखी तीन संप्रेरकांमध्ये अगदी तशीच आढळते. त्यांतील एक गलग्रंथीला चेतवणारे आहे. म्हणून एचसीजी फार वाढले की गलग्रंथीही काही काळ जास्त काम करू लागते. वेगळी ओळख असते ती बीटा साखळीची, आणि म्हणून रक्ततपासणीच्या कागदावर बीटा एचसीजी असे लिहिलेले असते. गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या वृषणांना पहिले पुरुषसंप्रेरक बनवण्याची प्रेरणाही यातून मिळते. पहिल्या तिमाहीतील मळमळ आणि ओकाऱ्या यामुळेच होतात असे आम्ही शिकलो होतो, कारण दोन्ही एकाच काळात चढतात व उतरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र जीडीएफ १५ या दुसऱ्याच संप्रेरकाकडे बोट दाखवले आहे. तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेतील एक गुण आज कापावा लागेल.

दिवस गेले की नाही हे जाणण्याची उत्कंठा फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रीचे मूत्र गहू आणि सातूच्या दाण्यांवर शिंपडत आणि अंकुर फुटतात का ते पाहत. १९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी गर्भवतीचे मूत्र लहान वयाच्या उंदरीला टोचले आणि काही दिवसांनी तिचे बीजकोश उघडून पाहिले. ते पिकलेले दिसले तर स्त्रीला दिवस गेलेले. पुढे उंदरीऐवजी ससा आला, आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील एक बेडकी. तिला मारावे लागत नसे. टोचल्यावर काही तासांत तिने अंडी घातली की उत्तर मिळे. हे संप्रेरक मेंदूतळाच्या ग्रंथीतून नव्हे तर वारेतून येते, हे अमेरिकेत जॉर्जियाना सीगर या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थिनीने १९३० च्या दशकात दाखवून दिले. १९६० मध्ये स्वीडनमधील वीड आणि गेमझेल यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने परीक्षानळीत होणारी चाचणी काढली आणि प्राण्यांची सुटका झाली. तरीही त्या चाचण्यांची एचसीजी आणि त्याच्या भावंड-संप्रेरकांत गल्लत होई. १९७२ मध्ये अमेरिकेतील ज्युडिथ वैतुकैटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ बीटा साखळी ओळखणारी रक्ततपासणी सिद्ध केली, तेव्हा ती गल्लत संपली. हे वर्ष मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे. अक्का १९७४ ला गेली. ज्ञान जगात आलेले होते. आमच्या ओढ्याच्या अलीकडे आलेले नव्हते.

आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीत हेच सारे सामावले आहे. मूत्राचे थेंब पट्टीवर सरकत जातात आणि वाटेत रंगीत कण बांधलेले प्रतिपिंड त्यांतील एचसीजीला चिकटतात. पुढे एका रेषेवर दुसरे प्रतिपिंड पक्के बसवलेले असतात. ते या जोडीला अडवून धरतात आणि रेष उमटते. दुसरी रेष एचसीजी असो वा नसो उमटतेच. चाचणी नीट चालली याची ती ग्वाही. आपल्या खेड्यांतून आशा कार्यकर्त्यांजवळ हीच पट्टी निश्चय या नावाने शासनातर्फे दिलेली असते. मांजरेच्या काठच्या एखाद्या वाडीत आज पाळी चुकलेल्या मुलीला घराबाहेर न पडता पाच मिनिटांत उत्तर मिळते. ही लहान गोष्ट नव्हे. पण पट्टी फक्त होय किंवा नाही एवढेच सांगते. किती आणि कुठे, हे ती सांगत नाही. आमच्या घरात दुसऱ्यांदा प्रसंग आला तो नेमका याच ठिकाणी.

मी २०१९ मध्ये निवृत्त झालो आणि आम्ही कलबुर्गीच्या घरी स्थिरावलो. त्याच पावसाळ्यात सूनबाईंना दिवस गेले. घरच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या आणि सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली. आठवड्याभरात थोडा रक्तस्राव झाला. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी होते. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवले. तिथे सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले. कच्चा गर्भ पडून गेला असावा, विश्रांती घ्या, पुढच्या महिन्यात या, असे सांगून त्यांनी परत पाठवले. रक्ताची तपासणी एकदा केली होती आणि आकडा आला होता १,१२०. तो चांगला की वाईट हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. सासऱ्याने सुनेच्या पाळीची तारीख ऐकावी, तिच्या तपासणीचा कागद उघडून वाचावा, असे आमच्या घरात कधी घडले नव्हते. मी तो कागद घडी न मोडता फाइलीत लावला.

दुसऱ्या रात्री सूनबाईंच्या पोटात डाव्या बाजूला दुखू लागले. सौ. म्हणाल्या, "सकाळपर्यंत पाहू." मीही तेच म्हणणार होतो. का कोण जाणे, नाही म्हणालो. रात्री अकराला आम्ही दुसऱ्या रुग्णालयात पोहोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, कन्नडभाषक, पण आमच्याशी हिंदी-मराठीची मोडतोड करीत आपुलकीने बोलल्या. मी पडद्याच्या बाहेर बाकावर बसलो होतो. आत त्या एकेक प्रश्न विचारीत होत्या. चक्कर आली का? घाम सुटला का? आणि मग, "खांदा दुखतो का?"

मी उठून उभा राहिलो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ, कोमट तेलाची वाटी आणि आईचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. आतून सूनबाईंचा आवाज आला, "नाही, खांदा नाही." मी पुन्हा बसलो, पण पाय थरथरत होते.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी प्रथम तेच विचारले, की पोटाच्या दुखण्यात खांद्याचा काय संबंध? त्यांनी समजावून सांगितले. कधीकधी फलित बीज गर्भाशयापर्यंत पोहोचतच नाही, बहुधा नळीतच रुजते. तिथे वाढायला जागा नसते. काही आठवड्यांनी नळी फाटते आणि पोटाच्या पोकळीत रक्त साचते. ते वर छातीच्या पडद्याला लागले की त्याची कळ खांद्यात उमटते, कारण त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतील एकाच ठिकाणच्या मज्जातंतूंतून जाते. खांद्याला काहीही झालेले नसते. मी त्यांना अक्काचे सारे सांगितले. चुकलेली पाळी, थोडे दिसणे, खांदा, न्हाणीघराचे दार. इतक्या वर्षांनी खात्री कोण देणार, पण वर्णन हुबेहूब तेच आहे, असे त्या म्हणाल्या. मग मी विचारले, "डॉक्टर, घागर उचलल्याने असे होते का?" त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "नाही हो काका," त्या म्हणाल्या. "गर्भ नळीत अडकतो तो आठवडे आधीच. घागरीचा त्याच्याशी काही संबंध नाही."

त्यांनी जुना आकडा पाहिला, नवे रक्त घेतले, आणि सूनबाईंना घरी जाऊ दिले नाही. पहिल्या तपासणीला तोवर दोन दिवस झाले होते. नवा आकडा आला १,३६०. मला वाटले वाढला, म्हणजे बरे. त्यांनी मान हलवली. गर्भ जागेवर असेल तर या पातळीला दोन दिवसांत किमान निम्म्याने तरी भर पडायला हवी. बहुधा दुपटीच्या जवळ जाते. पडून गेला असेल तर आकडा झपाट्याने खाली यायला हवा. इथे ना धड चढ, ना उतार. ही रेंगाळणारी वाढ अस्थानी गर्भाची खूण असते. मी आयुष्यभर पहाणीपत्रके तपासली. एका वर्षाच्या नोंदीवरून शेत कोणाच्या कब्जात आहे हे ठरवू नये, मागची-पुढची नोंद पाहावी, हे मी कनिष्ठांना किती वेळा शिकवले असेल! सुनेच्या कागदाला मात्र तो नियम लावण्याचे मला सुचले नव्हते. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत डाव्या नळीजवळ लहानशी गाठ दिसली. नळी अजून फाटलेली नव्हती.

शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. मेथोट्रेक्सेट नावाचे एक इंजेक्शन दिले गेले. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना फॉलिक आम्लाची गरज असते; हे औषध नेमका तो मार्ग रोखते, आणि रुजलेल्या पेशी हळूहळू विरून जातात. म्हणून आधी सुरू असलेल्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद केल्या. पुढचा सारा कारभार पुन्हा एचसीजीच्या हाती. त्याच पेशी ते बनवतात, तेव्हा जितके एचसीजी उरले तितक्या पेशी उरल्या. चौथ्या दिवशी आकडा १,५१० झाला. असे होते हे आधी सांगितले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. सातव्या दिवशी १,०९० झाला. चौथ्यापासून सातव्यापर्यंत निदान पंधरा टक्के उतार हवा होता, तो मिळाला. नंतर दर आठवड्याला ४२०, १३०, ३८ आणि अखेर पाचाच्या खाली. हे आकडे मी स्वतः वहीत लिहीत होतो. सूनबाई आतल्या खोलीतून विचारीत, "बाबा, आज किती आलं?" आणि मी मोठ्याने वाचून दाखवी. आमच्या घरातील एक भिंत त्या पाच आठवड्यांत पडली.

त्या दिवसांत मी पुष्कळ वाचले. हे मेथोट्रेक्सेट ज्या प्रयोगशाळेत जन्मले, तिथले प्रमुख आपल्या शेजारच्या आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९४८ मध्ये अमेरिकेतच त्यांचे निधन झाले. त्या औषधाचा आणि एचसीजीचा संबंधही जुना निघाला. वारेच्या पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग असतो. काही वेळा तो द्राक्षगर्भानंतर उद्भवतो, म्हणजे ज्यात गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे फुगे वाढतात त्यानंतर. पूर्वी तो पसरला की रुग्ण दगावत असे. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी तो मेथोट्रेक्सेटने बरा केल्याचे प्रसिद्ध केले. गाठी दिसेनाशा झाल्या तरी मूत्रातील एचसीजी पूर्ण जाईपर्यंत औषध थांबवू नये, असा लींचा आग्रह होता. वरिष्ठांना तो अतिरेक वाटला आणि लींना ती संस्था सोडावी लागली. कालांतराने त्यांचेच म्हणणे खरे ठरले आणि १९७२ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. द्राक्षगर्भ काढल्यावर कित्येक महिने एचसीजी मोजत राहावे हा दंडक तेव्हापासूनचा. पुरुषांतही वृषणाच्या काही कर्करोगांत हे संप्रेरक रक्तात दिसते आणि उपचारांचा मागोवा घेण्यास उपयोगी पडते.

हेच संप्रेरक औषध म्हणूनही वापरतात. ते गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून शुद्ध करून काढत आले. बीज पक्व होऊन सुटावे यासाठी ते टोचतात आणि सुमारे छत्तीस तासांनी बीज काढून घेतात. परीक्षानळीतील बाळाच्या उपचारात ही पायरी नित्याची झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा हिचा जन्म झाला, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांची नावे आपण वर्तमानपत्रांत वाचली होती. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे आठ वर्षे आधीच, १९७८ मध्ये साधले होते. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. त्यांच्या वह्या वाचून मान त्यांचा आहे असे जाहीरपणे सांगितले ते आनंदकुमारांनीच, १९९७ मध्ये. ज्याच्या नावावर पहिलेपणाची नोंद झाली होती त्यानेच ती दुरुस्त करावी, हे सरकारी दप्तरातही मी क्वचित पाहिले.

उलट बाजूही आहे. भारतात अनेक वर्षे काढलेल्या सायमन्स नावाच्या एका डॉक्टरांनी १९५४ मध्ये एचसीजी टोचून व अर्धपोटी ठेवून वजन उतरवण्याची पद्धत काढली. पुढील चाचण्यांत एचसीजी आणि मिठाचे पाणी यांत काही फरक दिसला नाही. वजन उतरे ते उपाशी राहिल्याने. तरीही त्या इंजेक्शनांची विक्री थांबली नाही. याउलट दिल्लीतील डॉ. जी. पी. तलवार यांनी मुदतवाढीचा हा अर्जच पोहोचू नये अशी लस बनवली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १४८ स्त्रिया होत्या, आणि प्रतिपिंड पुरेसे असताना १,२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली. शास्त्र म्हणून हे थक्क करणारे होते. स्त्री-संघटनांनी त्याला विरोध केला. अशी लस एकदा टोचली की ती थांबवणे स्त्रीच्या हाती राहत नाही, आणि तिला न विचारता टोचली तर काय, असा त्यांचा प्रश्न होता. मी नोकरीला लागलो त्या काळात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट महसूल कर्मचाऱ्यांनाही वाटून दिले जाई. ती पद्धत १९९६ मध्ये बंद झाली. मार्चअखेर आकडा भरण्यासाठी काय काय होई ते मी पाहिले आहे, आणि त्यात माझाही हात होता. म्हणून त्या प्रश्नाला अनाठायी म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

२०२१ मध्ये आमच्या घरी नात आली. त्या खेपेला पट्टीवर रेषा उमटताच दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासले, आणि आकडा दुपटीहून अधिक झाला तेव्हा मीच घरात सर्वांना सांगितले. वाचकांना एवढीच विनंती आहे. पाळी चुकल्यानंतर थोडे दिसले म्हणजे दिवस गेलेले नाहीत असे धरून चालू नका. एका बाजूला पोट दुखणे, चक्कर, खांद्याची कळ यांपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. आणि एचसीजीच्या एका आकड्यावर विसंबू नका, दुसरा मागा.

राहता राहिली आई. ती २००९ मध्ये गेली. अक्काच्या जाण्यानंतर पस्तीस वर्षे तिने ती घागर मनावर वाहिली. अस्थानी गर्भाचा परिच्छेद माझ्या पाठ्यपुस्तकात होता. तो मी वाचला होता, परीक्षेत लिहिला होता, आणि त्याला गुण मिळाले होते. सुट्टीत घरी गेलो की आई माझ्यासमोर भरलेली घागर उचलून आत नेई आणि मी पाहत असे. पुस्तकातला तो परिच्छेद आणि न्हाणीघराचे ते दार यांची माझ्या मनात एकदाही गाठ पडली नाही. कारण तो विषय परीक्षेचा होता आणि हा बायकांचा. तुझ्या घागरीने काही झाले नव्हते, एवढे एक वाक्य मला तिला सांगता आले असते. १९८० नंतर केव्हाही.